एकसष्ट हजार तुकडे

तुकडे तुम्ही केलेत, साहेब. नोटीस मात्र धम्मपालला दिलीत. नोटिशीत लिहिलंय, ‘प्रतिलिपि प्रदाय में अनावश्यक विलंब एवं घोर शिथिलता’. म्हणजे लोकांना जुन्या कागदांच्या नकला उशिरा मिळतात आणि तो उशीर धम्मपालच्या आळसानं होतो. यातला ‘घोर’ हा शब्द मोठे बाबू श्रीराम यांचा, हे कचेरीतला पाणी देणारासुद्धा सांगेल. ते रजेच्या अर्जात साध्या सर्दीलाही घोर म्हणतात. पण खाली सही तुमची आहे. तुमची म्हणजे त्या खुर्चीची. बारा वर्षांत खुर्चीत पाच माणसं बसून गेली, पाचांनी मिळून एकच काम केलं, म्हणून पाचांना इथे एकच ‘साहेब’ म्हटलेलं आहे. वेगवेगळं नाव घेतलं तर प्रत्येक जण म्हणणार, ते माझ्या आधीच्यांचं.

धम्मपाल इंदूरच्या एका सरकारी कचेरीत, जुन्या दफ्तराच्या खोलीत, बावीस वर्षं आहे. आजोबा वाल्मिक महूच्या छावणीत शिपाई होते, वडील उत्तम शाळामास्तर झाले आणि धम्मपाल कॉम्प्युटरवर बसला. घर शहराबाहेर राऊला, हप्ते फिटलेलं. ऑफिसच्या पेनानं घरचा किराणा न लिहिणारा माणूस. असली माणसं अजून आहेत. ती कुठे दिसत नाहीत, कारण ती कोणाच्या उपयोगाची नसतात.

बारा वर्षांपूर्वी पहिल्या साहेबांनी ठरवलं की जिल्ह्यातल्या जुन्या शाळांची, गावांची सगळी रजिस्टरं स्कॅन करून सर्व्हरवर चढवायची. चढवली धम्मपालनं. एकट्यानं, चार वर्षं, तीन लाख ऐंशी हजार पानं. एकेका रजिस्टराची एकेक फाइल. मान वाकडी झाली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण पान मागितलं की पाच सेकंदांत पडद्यावर. समारंभ झाला. साहेबांच्या गळ्यात हार पडला आणि धम्मपालनं खुर्च्या मांडल्या.

त्याच आठवड्यात साहेबांना दुसरी कल्पना सुचली. शहर स्वच्छतेत देशात पुढे, मग स्कॅन झालेली रजिस्टरं खोलीत कशाला कुजवायची? ट्रक आला, रजिस्टरं गेली, त्यांचा लगदा झाला आणि लगद्याच्या जाड, भुऱ्या फायली झाल्या. त्या एका परिषदेत पाहुण्यांना वाटल्या. उरलेल्यातली एक धम्मपाललाही मिळाली. तिच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा अर्धा ‘ज’ दिसत होता. कोणाचा तरी जन्म, नाहीतर जात. तेवढाच वाचला होता.

म्हणजे आता मूळ कागद नाही. जे आहे ते सर्व्हरवर.

आणि मग सुरू झाले शिक्के. पहिल्या साहेबांनी जाता जाता प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला ‘डिजिटाइज़्ड’ असा शिक्का आणि आपला हुद्दा उमटवून घेतला. दुसऱ्यांनी वर विभागाचं बोधचिन्ह टाकलं. तिसऱ्यांनी खाली स्वच्छतेचं घोषवाक्य. चौथ्यांनी डाव्या कडेला तो काळा ठिपक्याठिपक्यांचा चौकोन, जो मोबाइलनं टिपला की एक पान उघडतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, ‘पेज निर्माणाधीन है’. दर वेळी तीन लाख ऐंशी हजार पानं उघडायची, शिक्का मारायचा, पुन्हा ठेवायची. १९४७ सालच्या पोराच्या नावाखाली २०१९ सालची कचऱ्याची घोषणा.

यात काय बिघडलं, असं साहेबांनी तीनदा विचारलं आणि धम्मपालनं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा इथे सांगून ठेवू.

असं समजा, एक कुटुंब आहे. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात तीन खोल्यांत सुखानं राहतंय. घरात एक बाळ जन्मलं, जागा पुरेना, शेजारच्या खोल्या भरलेल्या. म्हणून बाळाची सोय दूर, बडा गणपती भागात. मग सून आली, तिला राऊला खोली. सासऱ्याचा पलंग मोठा निघाला, तो अर्धा इथे, अर्धा महूच्या रस्त्याला. कागदोपत्री कुटुंब एकच. आता फोटोवाल्याला म्हणा, या कुटुंबाचा एकत्र फोटो काढ. तो बिचारा स्कूटरवर दिवसभर शहर पालथं घालणार. डिस्कवर अगदी हेच होतं. शिक्क्यानं फाइल फुगली की ती जुन्या जागेत मावत नाही. वाढलेला भाग जिथे फट मिळेल तिथे जाऊन बसतो. डिस्कच्या आत वाचणारा एक हात असतो, तो विसरत काहीच नाही. फक्त एक पान दाखवण्यासाठी त्याला राऊपासून बडा गणपतीपर्यंत हजार फेऱ्या माराव्या लागतात.

चौथ्या शिक्क्यानंतर पाच सेकंदांची अकरा मिनिटं झाली.

खिडकीसमोर उभ्या माणसाला हात-बित काही दिसत नाही. त्याला धम्मपाल दिसतो. धम्मपाल पडद्याकडे बघतोय, पडद्यावर गोल फिरतंय आणि धम्मपाल काहीच करत नाहीये. या शहरात याचा अर्थ एकच निघतो. एका गृहस्थांनी अर्जाखालून पाचशेची नोट सरकवली. धम्मपालनं ती परत केली. गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, “भिया, इसका तो रेट ही अलग है.” संध्याकाळपर्यंत कचेरीभर झालं की धम्मपाल पाचशेला हात लावत नाही. बावीस वर्षांच्या इमानदारीचं फळ हे, की त्याचा दर वाढला.

हे सगळं त्यानं गिळलं असतं. पण यंदा त्या खिडकीत त्याची स्वतःची पोरगी येऊन उभी राहिली.

संबोधीला जनावरांच्या डॉक्टरकीला सीट मिळाली होती. राखीव जागा. कागद तपासणी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. बापाचं हातानं लिहिलेलं जातीचं प्रमाणपत्र चालणार नाही, नवं हवं. आणि नव्यासाठी पुरावा हवा की कुटुंब पन्नास सालच्या आधीपासून इथलंच आहे. पुरावा होता. उत्तमचं नाव सत्तेचाळीस साली महूच्या प्राथमिक शाळेत घातलेलं, वडिलांचं नाव वाल्मिक, धंदा फौज, जात, गाव, सगळं त्या रजिस्टरात. पान स्कॅन धम्मपालनंच केलं होतं. त्या दिवशी वडिलांचं नाव बघून तो दोन मिनिटं मशीन बंद करून बसला होता, एवढीच त्यानं सरकारी वेळेची आयुष्यात केलेली चोरी.

“पप्पा, मग तुम्ही प्रिंट काढून आणा ना,” संबोधी म्हणाली.

नाही. घरचं काम ऑफिसच्या मशीनवर नाही. तिनं अर्ज करावा, रांगेत यावं, नंबर लागेल. त्याची आई गयाबाई पलंगावर पाय चोळत हे ऐकत होती. ती म्हणाली, “मशीन तुझ्या हातात, कागद आपल्या घरचा, आन् पोरगी रांगेत. तुझा बापही असाच होता.” हे कौतुक होतं की शिवी, ते तिनं स्पष्ट केलं नाही.

पोरीचा नंबर आला. धम्मपालनं इतरांसारखाच तिचा अर्ज घेतला, इतरांसारखंच ‘बसा’ म्हणाला आणि फाइल उघडायला लावली. अकरा मिनिटं झाली, वीस झाली. पस्तिसाव्या मिनिटाला पडदा पांढरा झाला आणि प्रोग्राम बंद. पुन्हा लावली, पुन्हा तेच. बाकीची रजिस्टरं पाच-पन्नास पानांची. हे चारशे बारा पानांचं. सगळ्यात मोठ्या कुटुंबाची सगळ्यात जास्त फाटाफूट.

राऊच्या कॉलनीत ही बातमी संध्याकाळच्या आत पसरली आणि सल्ले सुरू झाले. आपल्या लोकांना दुसऱ्याच्या मशीनबद्दल एवढी माहिती कुठून असते, हा संशोधनाचा विषय आहे. एक म्हणाला, बंद करून चालू करा. दुसरा म्हणाला, अर्धा तास बंदच ठेवा, स्कूटरसारखं, गरम होतं ते. एका वहिनींनी कापराची वडी ठेवायला सांगितली, ओल खेचते म्हणे. समोरचे चिंतामणराव बँकेतून निवृत्त झालेले, पणजोबा होळकरी अमलात दफ्तरदार. त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि पणजोबांना बाहेर काढलं. त्यांच्या दफ्तरात म्हणे कागद मागितला की विडा लावून होण्याच्या आत शिपाई तो घेऊन हजर. शिस्त होती तेव्हा. मग कप ठेवता ठेवता म्हणाले, “तसं तुम्हाला काय टेन्शन, धम्मपालजी. तुमचं तर सर्टिफिकेट दाखवलं की काम झालं.”

जे सर्टिफिकेट मिळत नाही म्हणून धम्मपाल चार दिवस झोपला नव्हता, ते दाखवलं की काम होतं, ही माहिती त्याला नवीन होती.

अन्नपूर्णाला बंटीभियाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कचेरीचं देखभालीचं कंत्राट त्याच्याकडे. तोंडात सुपारी ठेवून तो आला, डिस्क तपासली आणि बराच वेळ बघत राहिला.

“भिया, ये सर्वर नी है. ये तो सेव-परमल है. पूरा मिक्स.”

शेव-मुरमुऱ्याचा हिशेब असा, की त्या एका रजिस्टराचे एकसष्ट हजार तुकडे होते. उपाय साधा. एक प्रोग्राम लावायचा, तो सगळे तुकडे उचलून ज्याचे त्याच्या शेजारी मांडतो. कुटुंब पुन्हा एका घरात. दोन दिवस लागतील. फक्त सामान हलवायला मोकळी जागा लागते, डिस्कचा सातवा हिस्सा तरी. मोकळी होती शंभरात तीन.

मग बाकीची जागा कशानं भरली होती? धम्मपालनं बघितलं. साहेबांच्या निरोपसमारंभाचे व्हिडिओ, चार. झाडं लावतानाचे, ड्रोननं वरून काढलेले. झाड दिसत नाही, साहेबांचं टक्कल दिसतं. रंगपंचमीच्या गेरचं, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचं, तीन तासांचं चित्रण, कारण साहेब गच्चीवरून हात हलवताना एकदा येतात. जिल्ह्याच्या शंभर वर्षांना जेवढी जागा लागली, तिच्या दुप्पट जागा चार माणसांच्या हात हलवण्यानं खाल्ली होती.

ते पुसायला परवानगी हवी. धम्मपालनं नोटशीट लिहिली. श्रीरामबाबूंनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. साहेबांचा निरोपसमारंभ हा शासकीय अभिलेख नाही, असं लिहून सही कोण करणार? यासाठी तीन सदस्यांची समिती लागेल. एक सदस्य चारधामला गेलेले, दुसऱ्यांची बदली झालेली, आणि तिसरे स्वतः श्रीरामबाबू, ज्यांनी त्या समारंभात गाणं म्हटलं होतं आणि ते गाणं व्हिडिओत होतं. धम्मपालनं विचारलं, मग रजिस्टरं ट्रकमध्ये भरली तेव्हा कोणती समिती बसली होती? श्रीरामबाबू म्हणाले, तेव्हा वरून आदेश होता.

म्हणजे लोकांचे बाप-आजे लगद्यात घालायला एक फोन पुरतो. साहेबांचं टक्कल हलवायला समिती.

शनिवारी दुपारी धम्मपालनं बावीस वर्षांतला पहिला गुन्हा केला. बंटीभियाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं एक डिस्क घेतली, सगळे व्हिडिओ तिच्यावर नेऊन ठेवले, एकही न पुसता, आणि डिस्क लेबल लावून श्रीरामबाबूंच्या कपाटात कुलूपबंद केली. पावती मागितली. श्रीरामबाबूंनी पावतीही दिली, कारण त्यांचं गाणं सुखरूप होतं. मग प्रोग्राम लावला.

रविवारी सकाळी तो डबा घेऊन कचेरीत जाऊन बसला. रखवालदाराला वाटलं, घरी भांडण झालं. पडद्यावर लाल, निळे चौकोन. लाल म्हणजे तुटलेलं, निळं म्हणजे सांधलेलं. लाल एकेक करून निळे होत होते. हे बघण्यासारखं काही नाही, पण तो सहा तास बघत बसला. संबोधीचे तीन फोन आले. किती झालं, पप्पा? चाळीस टक्के. किती झालं? एकसष्ट. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, फक्त म्हणाली, जेवलात का.

सोमवारी साडेअकराला काम संपलं. धम्मपालनं रजिस्टर उघडलं. चार सेकंद. त्याला आधी वाटलं की चूक झाली, म्हणून बंद करून पुन्हा उघडलं. चार सेकंद. पान एकशे सत्याहत्तर. उत्तम, वल्द वाल्मिक, उम्र छह साल, पिता फौज में सिपाही. मास्तरांचं अक्षर खणखणीत. त्यानं प्रिंट काढली. फक्त नकलेवर साहेबांची सही हवी होती.

खुर्चीवर पाचवे साहेब त्याच सकाळी येऊन बसले होते.

नव्या साहेबांनी आल्याआल्या दहा वाजता पहिला आदेश काढला होता. प्रत्येक पानाच्या मधोमध, तिरका, फिकट अक्षरांत नवा शिक्का: ‘त्वरित सेवा, हमारा संकल्प’. आजपासून ज्या नकलेवर हा शिक्का नसेल, ती प्रमाणित होणार नाही. काम भोपाळच्या कंपनीला, तिकडे बसूनच ते करणार, सुरुवात लगेच.

धम्मपालनं प्रिंट पुढे ठेवली. साहेबांनी बघितली, वर बघितलं, खाली बघितलं, डावीकडे, उजवीकडे. चार शिक्के मोजले आणि मधली मोकळी जागा बोटानं दाखवली. इथे काही नाही.

धम्मपाल म्हणाला, मग त्या एका रजिस्टरावर आधी मारून घेऊ, सर. दोन मिनिटांचं काम आहे. शुक्रवारी मुदत आहे.

“किसकी फाइल है?”

धम्मपाल खोटं बोलू शकला असता. “मेरी बेटी की, सर.”

साहेब मागे टेकले. त्यांचा आवाज समजुतीचा होता, आणि हेच सगळ्यात वाईट. “धम्मपालजी, आप तो सीनियर आदमी हैं. अपने घर का पन्ना पहले निकलवाएँगे? लोग क्या कहेंगे? नंबर से आने दीजिए.”

ज्या गोष्टीसाठी त्यानं पोरीला रांगेत उभं केलं होतं, तीच त्याच्या तोंडावर मारली गेली. आणि वाक्यही त्याचंच होतं.

शिक्का क्रमानं सरकू लागला. रोज चौदा हजार पानं. बुधवारी धम्मपालनं हिशेब केला, सत्तेचाळीस सालचं ते रजिस्टर यायला अजून एकोणीस दिवस. आणि जिथे जिथे शिक्का पोचला होता, तिथे फाइल पुन्हा फुगली, पुन्हा फुटली, निळे चौकोन पुन्हा लाल. गुरुवारी खिडकीवरची पहिली पानं परत सहा-सात मिनिटं घेऊ लागली. त्याच दिवशी दुपारी पहिली नोटीस आली, ती घोर शिथिलतेची. चार वाजता दुसरी: शासकीय अभिलेख खासगी उपकरणावर नेल्याबद्दल. पुरावा म्हणून श्रीरामबाबूंनीच दिलेली पावती जोडलेली.

शुक्रवारी संबोधी बिनशिक्क्याची प्रिंट घेऊन कागद तपासणीला गेली. तिथल्या बाईंनी पान दोनदा वाचलं, म्हणाल्या, दिसतंय तर सगळं, पण प्रमाणित नाही. संबोधी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथेच बाकावर होती. सीट यादीतल्या पुढच्या मुलाला गेली. घरी येऊन ती आजीच्या पलंगावर बसली. गयाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धम्मपालकडे बघून म्हणाली, “कागदांचा लगदा यांनीच केला, आन् आता कागद हेच मागतात.”

मंगळवारी जनसुनावणी. साहेब समोर बसतात, लोक टोकन घेऊन एकेक करून तक्रार मांडतात. धम्मपाल कर्मचारी, त्याला बोलायची सोय नाही. तो मागे भिंतीशी उभा राहिला. संबोधीनं कोणाला न विचारता टोकन घेतलं होतं, बेचाळीस नंबर. ती पुढे गेली आणि ती प्रिंट टेबलावर ठेवली.

“सर, सीट नहीं माँग रही. वो तो गई. बस इतना बता दीजिए, इस पन्ने पर जो लिखा है, वो सच है या झूठ?”

साहेब म्हणाले, बेटा, एक प्रक्रिया असते.

“प्रक्रिया नहीं पूछी, सर. सच है, तो मुझे लौटाया किस बात पर? और झूठ है, तो चार-चार साहब लोगों ने अपना ठप्पा किस चीज़ पर मारा?”

श्रीरामबाबूंनी घाईनं त्रेचाळीस नंबर पुकारला. त्रेचाळीस नंबर म्हणजे एक म्हातारे शेतकरी, सकाळी आठपासून आलेले. ते उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, “पेले छोरी को जवाब दो. अपन बैठे हैं.”

साहेबांनी पाणी मागवलं. पाणी आलं. साहेबांनी ग्लास उचलला, सावकाश प्यायले, रुमालानं ओठ टिपले. संबोधी टेबलासमोरून हलली नाही. भिंतीपाशी धम्मपालनं बावीस वर्षांत पहिल्यांदा हाताची घडी सोडली आणि पुढे येऊन तो पोरीच्या शेजारी उभा राहिला.

साहेब, पाणी पिऊन झालं. पान तुमच्या समोर आहे, अक्षर स्वच्छ आहे. खरं आहे की खोटं? बोला.